कोतवाल बुकातली कोरी पानं

माझ्या आजीचे वडील कन्हानकाठच्या एका गावचे कोतवाल. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशानं मेलं, हे ते ठाण्यावर जाऊन सांगायचे आणि तिथला मुन्शी बुकात उतरवायचा. विदर्भात आजही जातपडताळणीसाठी लोक कोतवाल बुकाच्या नकला काढतात. आजी सांगायची, मानमोडीच्या साली तिचे वडीलच दोन हप्ते खाटेवर पडून होते. तेवढे दिवस ठाण्यावर कोणी गेलंच नाही. "मेले तर लय, पण सांगाले कोन जाईन?"

मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये तो मुंबई बंदरातून शिरला, सप्टेंबरपासून दुप्पट जोरानं उलटला, आणि सगळ्यात जास्त मार बसलेल्या मुलखांत आपला मध्य प्रांत-वऱ्हाड होता. पावसानं दगा दिलेला, धान्य महागलेलं, कितीतरी डॉक्टर लढाईवर गेलेले. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालं. तरी नेमका आकडा हाती लागत नाही, कारण ठिकठिकाणी नोंदवणारेच आजारी होते.

मी कोराडीची. आमचे हे पॉवर हाउसात, आणि मी नागपूरच्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टीची सिस्टर. २०२२ला रिटायर झाले. आजीची ती गोष्ट मला खरी कळली २०२०च्या एप्रिलमध्ये, रजिस्टर समोर उघडं असताना.

११ मार्चला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, २५ पासून देश बंद झाला. एरवी आमच्याकडे एका रात्रपाळीत रजिस्टरची पानंच्या पानं भरत: छिंदवाडा रोडवरचे अपघात, विष घेतलेले, साप चावलेले, दम्यानं धापा टाकणारे. आता एका पानावर दोन-दोन तारखा मावू लागल्या. गाड्या थांबल्या म्हणून अपघात थांबले, हे कळण्यासारखं होतं. पण छातीत दुखणारे कुठं गेले? पुढं कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं देशभरातल्या १८७ दवाखान्यांचा हिशेब केला. मार्चच्या मध्यापासूनच्या तीन महिन्यांत हार्ट अटॅकनं भरती होणारे आदल्या सालापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेत तर त्या एप्रिलमध्ये इमर्जन्सीत येणारेच ४२ टक्क्यांनी घटले. झटके कमी आले असतील यावर माझा विश्वास नाही. माणसं घरी राहिली.

त्यातला एक माझ्या ओळखीचा होता. आमच्याच कॉलनीतला. दुपारी छातीत जळजळ सुरू झाली, घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला. रात्री डावा हात भरून आला. दुसरी रात्रही तशीच काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलानं मानकापूरपर्यंत दोनदा पोलिसांना हात जोडत त्याला आणलं. मी विचारलं, इतका उशीर काहून केला? मुलगा म्हणाला, "दवाखान्यात कोरोना लागते म्हनत होते बाबा. अन् मग घरचे तोंडही पाहू देत नाही म्हने, सिस्टर." दारातच ताप मोजला, सॅच्युरेशन मोजलं, खोकला होता म्हणून आधी संशयितांच्या बाजूला नेलं. आमच्याकडे खोकला कोणाला नसतो? पॉवर हाउसच्या राखडीच्या गावात लोक त्याला आजारही म्हणत नाहीत. तिकडे किट घालून ईसीजी काढेपर्यंत आणखी वेळ गेला. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या बारा तासांतच उपयोगाचं, लवकर तितकं चांगलं. ते तास ओव्यात आणि सोड्यात केव्हाच संपले होते. संध्याकाळी तो गेला.

जे येत होते त्यांचीही सेवा पूर्वीसारखी राहिली नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ट्रॉमा केअर सेंटरचं कोविड रुग्णालय झालं होतं. दुसरा इलाजही नव्हता. धुरकटलेल्या गॉगलमधून, दोन-दोन ग्लोव्हज घालून म्हाताऱ्या हाताची शीर शोधून पाहा. बोटांना जे कळायचं ते कळेनासं होतं. आणि पेशंटला आमचा चेहरा दिसायचा नाही.

त्या वर्षी कोराडीत जगदंबेची यात्रा भरली नाही. मंदिर बंद, फक्त पॉवर हाउसची धुराडी चालू.

२०२१च्या एप्रिलमध्ये सगळं उलटं झालं. तीच कॅज्युअल्टी, पण दारात ऑटोंची रांग, ऑटोतच माणूस बसलेला, सॅच्युरेशन सत्तरच्या घरात. एकेका जम्बो सिलिंडरवर आम्ही दोन-दोन नळ्या काढल्या. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूरला आली, तीन टँकर इथं उतरले, बाकीचे नाशिककडे गेले. बातमी ऐकली तेव्हा मी फ्लोमीटरमधली गोळी पाहत उभी होते, ती खाली बसू नये म्हणून. त्या हप्त्यात रजिस्टर भरलं तरी लिहायला हात नव्हता. खोडलेली, अर्धी सोडलेली नावं त्यात आहेत.

कॉलनीतल्या त्या माणसाचं नाव मात्र नीट लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. आल्याची वेळ सकाळी दहा वाजून पाच मिनिटं, निदान हार्ट अटॅक. कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणून साथीच्या मोजणीत तो नाही. घरी काढलेल्या दोन रात्रींसाठी रजिस्टरात रकाना नव्हता.