काळी फिल्म, पाते आणि काचेवरचा चरा : साक्रीतून एक धागा

१/
साक्रीहून सुरत–नागपूर महामार्गाने पश्चिमेला निघालो की कोंडाईबारीचा घाट लागतो, पूर्वेला धुळे. वैशाखात या रस्त्यावर बंद गाडीत बसणे म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. याच तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प उभा राहिला, तो उगाच नव्हे. या उन्हावर गाडीवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे काचेवरची काळी फिल्म. आजचा धागा तिच्याविषयी आणि ती कापणाऱ्या हातांविषयी.

२/
माझ्या मामांच्या जुन्या गाडीची डावी काच मी ऐतिहासिक साधन मानतो. तिच्या खालच्या कडेला, रबराला समांतर, वीतभर लांबीचा एक सरळ चरा आहे. मधोमध मात्र आडव्यातिडव्या चऱ्यांचे जाळे आहे. नख फिरवून पाहिले, तर सरळ चरा बाहेरून लागतो आणि जाळे आतून. एकाच काचेच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या घटनांची नोंद आहे. त्या घटना कोणत्या?

३/
आधी थोडे मागे जाऊ. काच कापण्याची जुनी कला ही मुळात चरा पाडण्याचीच कला आहे. हिरकणीने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर काच मोडायची. १८६९ साली अमेरिकेत सॅम्युअल मॉन्स यांनी पोलादी चाकाच्या कटरचे पेटंट घेतले. हिऱ्याची गरज सरली, तत्त्व मात्र तेच राहिले. फिल्म कापणाऱ्याचे काम याच्या नेमके उलटे : पाते काचेवरूनच फिरवायचे, पण काचेला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

४/
ही फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. पॉलिएस्टरचे मूळ पेटंट १९४१ सालचे, व्हिनफिल्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांचे. ऊन अडवणाऱ्या खिडकीच्या फिल्मचे पेटंट १९६६ साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीला मिळाले.

५/
महाराष्ट्रात या कथेचा धागा तासगावला जाऊन पोहोचतो. तेथे १९०३ साली जन्मलेल्या आबासाहेब गरवारे यांनी तरुणपणी मुंबईत जुन्या मोटारींची खरेदी-विक्री केली आणि पुढे प्लास्टिकच्या उद्योगात पाऊल टाकले. त्यांच्या उद्योगसमूहाने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पॉलिएस्टर फिल्मचे कारखाने उभारले. मोटारी विकणाऱ्या माणसाच्या समूहाने मोटारींच्या काचांसाठी फिल्म बनवावी, हा योगायोग मला फार आवडतो.

६/
आता तंत्राकडे वळू. १८१२ साली फ्रीडरिख मोस यांनी खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी मोजपट्टी तयार केली. तिच्यावर काच साधारण साडेपाचला येते. पात्याचे पोलाद तिच्या बरोबरीचे किंवा किंचित वरचे. वाळूतील गारगोटीचा कण मात्र थेट ७ वर. म्हणून काचेचा पहिला शत्रू पाते नव्हे, धूळ. पाते आणि काच यांच्यामध्ये अडकलेला एक कण पुरेसा असतो.

७/
त्यामुळे चांगला कारागीर कापण्याआधी धुतो. काच बाहेरून साबणाच्या पाण्याने स्वच्छ करतो, पुन्हा ओली करतो आणि फिल्म बाहेरच्याच बाजूने तिच्यावर पसरतो, संरक्षक कागद स्वतःकडे ठेवून. माप बाहेर घेतले जाते. फिल्म चिकटते ती आत. मामांच्या काचेवरचा बाहेरचा सरळ चरा म्हणजे या मापाच्या वेळी झालेली चूक.

८/
ती चूक कशी टळते? पात्याचे टोक प्रत्येक काचेला नवे हवे. बोथट पात्यावर हात आपोआप जोर देतो आणि तो जोर काचेत उतरतो. पाते उभे धरायचे नाही, जवळजवळ आडवे ठेवायचे, म्हणजे टोक रुतत नाही. दाब फक्त फिल्म चिरण्यापुरता. रेघ एका दमात ओढायची. थांबून पुन्हा टेकवले की तेथे खूण उमटते. वरची कड कापताना काच थोडी खाली घ्यायची आणि पाते काचेच्या धारेवरून न्यायचे, म्हणजे पृष्ठभागाला ते लागतच नाही. मागच्या काचेला आतून दव घालवणाऱ्या तापतारा असतात. तेथे आतल्या बाजूने पाते चालवणे म्हणजे तार तोडणे.

९/
आता आतले जाळे. २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० वा नियम पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार होण्याची अट घालतो. न्यायालयाने सांगितले की ही अट मूळ काचेची आहे. तिच्यावर कोणतीही फिल्म चिकटवता येणार नाही. अंमल ४ मे २०१२ पासून. गुन्हेगारीला आळा, हा युक्तिवाद वजनदार होता. खानदेशात मात्र तो ऐन मे महिना होता.

१०/
त्या मे महिन्यात मी शाळकरी मुलगा होतो. दंडाच्या धास्तीने मामांनी अंगणातच फिल्म ओरबाडली. फिल्म निघाली, डिंक राहिला. तो त्यांनी कोरड्या काचेवर घरातल्या सुरीने खरवडला. वाफ किंवा साबणाचे कोमट पाणी आणि थोडा धीर एवढ्याने काम झाले असते. कापणाऱ्याच्या हातून एक चरा गेला होता; घाईने शेकडो पाडले.

११/
पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० बदलला. २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला : ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी, मानकांत बसणारी फिल्म चालेल. दरम्यान शहरांत संगणकावरच्या नकाशाप्रमाणे यंत्र फिल्म कापू लागले आहे. तेथे पाते काचेजवळ येतच नाही.

१२/
आणि येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण सुरू होते. पेटंट अभिलेखागारात सापडते, निकालपत्र ग्रंथालयात सापडते. हलक्या हाताने कापलेली फिल्म मात्र कोणतीही खूण मागे ठेवत नाही. खूण न ठेवणे हेच तिचे यश. कारागिरी जितकी उत्तम, तितके तिचे साधन कमी. आपल्यापुढे येतात ते चुकलेले हात आणि आपण त्यांनाच साऱ्या हातांचा इतिहास समजतो.

१३/
तेव्हा गावातल्या अशा एखाद्या कारागिराशी तासभर बोला आणि तो पाते कसे धरतो ते लिहून ठेवा. मामांची गाडी आता भंगारात जाईल. त्या काचेचे छायाचित्र मी काढून ठेवले आहे, बाहेरून एक आणि आतून एक.