कलाभवन : लोकभाषेतील यंत्रविद्या

गिरण्यांची यंत्रे आणि ती चालती ठेवणारे जाणकार, दोन्ही बहुधा विलायतेहून येत असा तो काळ. इ. स. १८९० मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी बडोद्यात कलाभवन स्थापिले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यातले. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराचा मुलगा यंत्रविद्येला मुकू नये, यासाठी त्यांनी गुजरातीतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम या विद्या तेथे हाताने करून शिकविल्या जात. पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलाभवन सामावले गेले. मातृभाषेत शिकलेले मूल कारखान्यात मागे पडेल काय, ही चिंता पालकांना आजही सतावते. बडोद्याने तिचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे.