चिमूटभर सोडा आणि लोणारचे विवर

१/ चाकूर परिसरात बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजेना, की पातेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा पडतो. पुडीत बंद होण्यापूर्वी हा सोडा कोठे होता? त्याचा माग काढत गेले, की आपण लोणारला पोहोचतो.

२/ आधी चिमटीचे शास्त्र. काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या दुष्फेन पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असते. ते डाळीच्या पेशी जोडणारे पेक्टिन घट्ट करतात. आम्लारिधर्मी सोडा ते सैल करतो. मात्र त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणून चिमूटच, चमचा नव्हे.

३/ खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ताकाच्या आंबटपणाने किंवा उष्णतेने त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि भजी, ढोकळा फुगतो. नुसत्या उष्णतेने मागे उरतो तो धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. सोडा जास्त झालेल्या भज्याला साबणासारखी चव येते ती यामुळेच.

४/ आता लोणार. बुलढाणा जिल्ह्यातील हे उल्काघाती विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. पाणी आत येते, बाहेर जाण्यास वाट नाही. ते केवळ बाष्परूपाने उडते. खडकातून आलेले क्षार मागे साचत राहतात. पुराणकथा हे स्थान लवणासुराशी जोडते.

५/ सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना नोंदवले, की काच आणि साबण यांसाठी लागणारी सामग्री लोणारला मिळते. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने या स्थळाची नोंद केली. तेव्हा लोणार आणि चाकूर दोन्ही निजामाच्या राज्यात होते. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला.

६/ लोणारच्या क्षारातील एक प्रमुख खनिज म्हणजे ट्रोना. त्याच्या एकाच स्फटिकात धुण्याचा आणि खाण्याचा असे दोन्ही सोडे समसमान रेणूंनी बांधलेले असतात. आपण दोन डब्यांत ठेवतो ते निसर्गाने एकत्र ठेवले होते.

७/ ही जोडी वेगळी केली युरोपने. १७९१ मध्ये निकोलस लेब्लांकने मिठापासून धुण्याचा सोडा करण्याचे पेटंट घेतले. १८०१ मध्ये बर्लिनच्या व्हॅलेंटिन रोझने बायकार्बोनेट तयार केले. १८६१ मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांची स्वस्त पद्धत आणली. तिच्यात आधी बायकार्बोनेट मिळते; ते तापवले की धुण्याचा सोडा.

८/ १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली; गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापूरला तिचा कारखाना उभा राहिला. समुद्राचे मीठ हाताशी असताना विवराचा तळ खरवडण्याचे कारण उरले नाही. बाजारात लोणार हरले, आणि त्या हरण्यानेच कदाचित वाचले.

९/ २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आता धोका क्षार काढणाऱ्यांचा नाही. आत शिरणारे गोडे पाणी आणि सांडपाणी त्याचा खारेपणा पातळ करते. खारेपणा गेला, तर त्यावर जगणारी सूक्ष्मसृष्टीही जाईल.

१०/ मराठवाड्यात गोडे पाणी म्हणजे जीवन. लोणारच्या सरोवराला मात्र खारटपणानेच जिवंत ठेवले आहे. पुढच्या वेळी डाळीत चिमूट टाकताना एवढे आठवावे.