ब्रेक दाबला की गाडी थरथरते? गॅरेजला जाण्याआधी एवढं बघून घ्या

कोयनानगर सोडलं की कुंभार्ली घाट सुरू होतो. घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, ब्रेक सोडला की बंद. चिपळूणला ये-जा करणाऱ्या चारचाकीवाल्यांची ही नेहमीची तक्रार. बरेच जण पहिल्यांदा अलायनमेंट करून आणतात. पैसे जातात आणि थरथर तशीच राहते. अलायनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतात. ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर वेगळी.

पहिला प्रश्न हा की थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते का? पेडलला पाय न लावताही ८०-१०० च्या स्पीडला गाडी हलत असेल तर दोष चाकात आहे. बॅलन्सिंग गेलेलं असतं, रिम ठोकरलेली असते किंवा टायरला फुगा आलेला असतो. शेताच्या वाटेनं गाडी नेली असेल तर रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो, त्यानंही चाकाचा तोल जातो. आधी तो धुऊन काढा, फुकटचा इलाज आहे.

फक्त ब्रेकवरच थरथरत असेल तर कुठं जाणवतं ते बघा. स्टिअरिंग हलतं तर बहुतेक वेळा दोष पुढच्या डिस्कमध्ये असतो. सीट आणि फ्लोअर हलतो, स्टिअरिंग मात्र शांत, तर मागच्या ड्रमवर संशय घ्या. खात्री करायची तर मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर २०-३० च्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर हळूच ओढा. तशीच थरथर आली तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाही. ही तपासणी हातानं ओढायच्या हँडब्रेकवरच करा, बटणवाल्या इलेक्ट्रिक हँडब्रेकवर नको.

आता डिस्क. मिस्त्री म्हणतो "डिस्क बेंड झाली", पण बऱ्याचदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नसते. जाड भाग पॅडमध्ये आला की पेडल पायाला मागं ढकलतं, पातळ भाग आला की सोडतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हेच होतं. जाडीतला फरक केसाएवढाही नसतो, तरी हाताला कळतो.

हे होतं कशानं? पंक्चरवाला मशीननं एक नट जास्त आवळतो, एक कमी. मग डिस्क किंचित डगडगते आणि दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते. डिस्क आणि हबच्या मध्ये गंज किंवा माती राहिली तरी तेच. घाट उतरून आल्यावर पेडल गच्च दाबून उभं राहिलं तर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो. तापलेली गाडी थेट वॉशिंग सेंटरला नेऊन चाकांवर गार पाण्याचा फवारा मारला तर डिस्क खरंच वाकू शकते. अर्धा तास थांबायला काय जातंय?

कॅलिपरची पिन चिखलानं जाम झाली तर पॅड सुटत नाही आणि डिस्क सतत तापते. १०-१५ किलोमीटर चालवून थांबल्यावर हात न लावता चारी चाकांजवळ धरून बघा. एकच चाक जास्त तापलेलं असेल, करपट वास येत असेल तर तिथंच गडबड आहे.

गॅरेजमध्ये डायल गेजनं डिस्कची डगडग मोजून घ्या. बऱ्याच मोटारींना ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त डगडग चालत नाही. लेथवर डिस्क साफ करून मिळते, पण किमान जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. त्याच्या खाली गेली तर बदलायचीच, आणि दोन्ही बाजूंची एकदम. हबवरचा गंज घासल्याशिवाय नवी डिस्क बसवू देऊ नका. नाहीतर थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

डिस्क चांगली निघाली तर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बेअरिंग बघायला सांगा. आपल्या रस्त्यांवर बुश फार टिकत नाहीत.

चाकाचे नट मात्र आजच तपासा. सैल नटानंही गाडी थरथरते आणि चाक निघून जाऊ शकतं. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे, शेवटचा पीळ गाडी जॅकवरून उतरवल्यावर.

खडीवर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली कटकट करत असेल तर घाबरू नका, ते एबीएसचं काम आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. तेव्हा पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा.

थरथरीबरोबर पेडल खोल जातंय, गाडी एका बाजूला ओढतेय, लोखंड घासल्यासारखा आवाज येतोय किंवा ब्रेक ऑइल कमी होतंय, यातलं काहीही असेल तर घाटात गाडी नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

नवे पॅड टाकल्यावर पहिले २००-३०० किलोमीटर कचकन ब्रेक मारणं टाळा. ५०-६० वरून हळूहळू १० पर्यंत गाडी आणा, पूर्ण थांबवू नका, असं आठ-दहा वेळा करा, मध्ये डिस्क गार होऊ द्या. पॅड डिस्कवर सारखे बसतात.