आंतरपिकातील सावली

आंतरपिकातील सावली : एकाच शेतात दोन किंवा अधिक पिके शेजारी घेतली असता उंच पिकाच्या पानोऱ्यामुळे बुटक्या पिकाच्या वाट्याच्या प्रकाशात पडणारी तूट व तिचा वाढीवर होणारा परिणाम. बांधावरच्या झाडाच्या वसव्याने पीक मागे पडते, हे शेतकरी रोज पाहतो. तरी सावली म्हणजे नुकसान हे समीकरण फार ढोबळ आहे. सावली किती दाट आहे यापेक्षा ती कोणत्या पिकावर आणि त्याच्या वयाच्या कोणत्या टप्प्यावर पडते, यावर बरेच काही ठरते.

ज्वारी, बाजरी, मका व ऊस ही प्रकाशसंश्लेषणाच्या ‘सी-४’ पद्धतीच्या गटातील पिके भर दुपारच्या उन्हाचाही वापर करू शकतात. सोयाबीन, तूर, भुईमूग, कापूस ही ‘सी-३’ पिके. त्यांच्या एकेका पानातील प्रकाशसंश्लेषण पूर्ण उन्हाच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या प्रकाशातच कमाल मर्यादेजवळ पोहोचते. म्हणून वर ज्वारी आणि खाली कडधान्य ही जुनी जोडी शास्त्रालाही मान्य होते. मात्र हा हिशेब एका पानाचा आहे. झाडाची खालची पाने स्वतःच्याच सावलीत असतात, त्यामुळे अख्ख्या झाडाला तूट त्याआधीच जाणवते.

सावलीत प्रकाश कमी होतो, तसा त्याचा रंगही बदलतो. हिरवी पाने लाल व निळा प्रकाश शोषतात, पण लालच्या पलीकडचा ‘दूरलाल’ प्रकाश बहुतांशी खाली सोडतात किंवा परतवतात. उघड्या उन्हात लाल व दूरलाल यांचे गुणोत्तर सुमारे १.२ असते, दाट पिकाखाली ते बरेच खाली येते. वनस्पतीतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा फरक ओळखते. मग खोडाच्या पेऱ्या लांबतात, फांद्या कमी फुटतात, पाने पातळ होतात. मक्यालगतचे सोयाबीन असे वाढून लोळते ते यामुळेच. शेजारच्या पानांवरून परतलेला दूरलाल प्रकाशही ही प्रतिक्रिया घडवतो, म्हणजे प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच रोप उंची गाठू लागते. काळी शेडनेट प्रकाशाचे प्रमाण घटवते, रंगांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही. नेटखालच्या प्रयोगांचे निष्कर्ष जसेच्या तसे आंतरपिकाला लावणे त्यामुळे धोक्याचे.

वेळेचे महत्त्व तुरीत सर्वांत स्पष्ट दिसते. पहिला दीड महिना ती रेंगाळत वाढते. या काळात सोबतच्या ज्वारीने वा सोयाबीनने तिला झाकले तरी फुले-शेंगांचा काळ अजून लांब असतो. सोयाबीन साधारण १०० दिवसांत निघते. त्यानंतर तुरीला मोकळे आकाश मिळते आणि ती फांद्या पसरून मागची कसर बऱ्याच अंशी भरून काढते. विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनच्या चार व तुरीच्या दोन ओळींची पद्धत यावरच उभी आहे. ओळींचे प्रमाण सगळे पाठ करतात, दिवसांचा हिशेब कमी लोक ठेवतात. सावली फुलोऱ्यात वा दाणे भरताना आली, तर फुले व शेंगा गळतात, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही. उसात कांदा, कोबी किंवा हरभरा घेताना हाच नियम उलट बाजूने लागू होतो : उसाचा पानोरा मिळण्याआधी आंतरपीक निघाले पाहिजे.

ओळींच्या दिशेचा परिणाम हंगामानुसार बदलतो. पुण्याच्या अक्षांशावर २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य डोक्यावरून जेमतेम ५ अंश उत्तरेला असतो. २ मीटर उंच तुरीची सावली तेव्हा १७-१८ सेंटिमीटर, तीही दक्षिणेला पडते. डिसेंबरच्या अखेरीस तीच सावली उत्तरेकडे सुमारे १.८ मीटर लांबते. त्यामुळे खरिपात मध्यान्हीच्या सावलीपुरता दिशेचा प्रश्न गौण ठरतो. रब्बीत मात्र पूर्व-पश्चिम ओळींच्या उत्तरेकडील बुटके पीक दिवसभर सावलीत राहू शकते. उत्तर-दक्षिण ओळींत सावली सकाळ-संध्याकाळ बाजू बदलत फिरते.

बागायतीत सावली हेतुपुरस्सर वापरतात. नागवेलीच्या पानमळ्यात शेवरी, हादगा, पांगारा हे आधारही देतात आणि ऊनही गाळतात. सुपारीच्या कोवळ्या रोपांना केळीची सावली लागते, नाहीतर उन्हाने खोड करपते. गोव्यातील ‘कुळागर’ या मिश्र बागेत माड, सुपारी, मिरवेल, केळ अशी मजल्यामजल्यांची रचना असते. माड ७.५ मीटर अंतरावर लावले तर हेक्टरी सुमारे १७५ बसतात, आणि त्यांच्या बहुतेक मुळ्या बुंध्यापासून २ मीटरच्या आत राहतात. साधारण आठव्या ते पंचविसाव्या वर्षापर्यंत बागेत दाट सावली असते. पुढे झावळ्या उंच गेल्यावर पुन्हा तिरपे ऊन आत येते. कोकण कृषी विद्यापीठाने पुरस्कारलेल्या ‘लाखी बागे’त माडांमधल्या जागेत जायफळ, दालचिनी व काळी मिरी घेतात.

बांधालगतची सगळी तूट सावलीच्या खाती टाकणेही बरोबर नाही. झाडाची मुळे पाणी व अन्नद्रव्येही ओढतात. बांधाकडेने चर खोदून मुळे तोडल्यावर पीक सुधारले, तर दोष मुळांचा मोठा होता असे समजावे. न सुधारल्यास फांद्या छाटाव्यात. कोरडवाहू भागात विरळ सावलीने जमिनीचे बाष्पीभवन घटते आणि तणही दबते. पावसाळी कोकण-गोव्यात मात्र तीच सावली पाने ओली ठेवते व सुपारीच्या कोळेरोगासारख्या बुरशीजन्य रोगांना पोषक ठरते. तेथे बाग विरळ ठेवणे आणि पावसाआधी घडांवर बोर्डो मिश्रण फवारणे हे सावलीच्या व्यवस्थापनातच मोडते.