नारळ उभा राहतो तेव्हा
(सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

भाकरी-कालवण उरकलं असेल तर जरा टेका. आज मी तुम्हाला सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची लंडनची गोष्ट सांगणार आहे. पण तिची सुरुवात आमच्या वावरातून होते.

आमची विहीर आटली, त्या वर्षी बोअर घ्यायचं ठरलं. पाणाड्याला बोलावलं. त्यांनी तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि बांधाबांधानं चालू लागले. पश्चिमेच्या कोपऱ्यात नारळ सरळ उभा राहिला! सासूबाईंनी हात जोडले. मीही जोडले. गटातून माझ्या नावावर कर्ज काढलं, गाडी आली, ३८० फूट खाली गेलो. वर आला तो नुसता फुफाटा. पाणी नाही ते नाहीच, आणि हप्ता मात्र दर महिन्याला. दोन वर्षं मी तो शेळ्या विकून, शिलाई करून फेडला.

त्या पाणाड्यांनी आम्हाला फसवलं का? हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता. माणूस साधा, पैसेही थोडकेच घेतले. नारळ उभा राहिलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. मग चुकलं काय? त्याचं उत्तर मला मायकेल फॅरेडे नावाच्या माणसाच्या गोष्टीत सापडलं. आणि त्या माणसाला घडवण्यात एका बाईचा वाटा होता, म्हणून आधी तिची गोष्ट.

लंडनमध्ये १७९९ साली रॉयल इन्स्टिट्यूशन नावाची संस्था निघाली. तिथे सर्वसाधारण माणसांसाठी विज्ञानाची व्याख्यानं व्हायची. समोर भट्टी पेटवून, वायू तयार करून, ठिणग्या पाडून प्रयोग दाखवायचे. हम्फ्री डेव्ही नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला ऐकायला गर्दी लोटायची, आणि त्यात बायकाही पुष्कळ असायच्या. तेव्हा इंग्लंडच्या विद्यापीठांची दारं बायकांना बंद होती, पण व्याख्यानाचं दार उघडं होतं.

त्या गर्दीत जेन मार्सेट बसायच्या. पहिल्यांदा त्यांना सगळं डोक्यावरून जायचं. मग घरी मैत्रिणीशी त्याच विषयावर बोलल्या, छोटे प्रयोग केले, तेव्हा कुठे उलगडा होऊ लागला. त्यांना वाटलं, जे मला बोलता बोलता समजलं ते दुसरीलाही तसंच समजेल. म्हणून त्यांनी रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिलं ते गप्पांच्या रूपात. एक शिक्षिका, दोन मुली. मुली प्रश्न विचारतात, शिक्षिका उत्तर देते, प्रयोग करून दाखवते. पुस्तक १८०६ च्या सुमारास आलं. त्यावर त्यांचं नाव नव्हतं, ते छापलं गेलं कितीतरी वर्षांनी. पण पुस्तक खपत राहिलं आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

त्याच लंडनमध्ये एका लोहाराचा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. मायकेल फॅरेडे त्याचं नाव, जन्म १७९१ चा. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा. त्यात मार्सेटबाईंचं पुस्तक त्याच्या हाती आलं. त्यानं काय केलं असेल? नुसतं वाचून मान डोलावली नाही. जमतील तसे, थोड्या पैशात होतील तसे प्रयोग स्वतः करून पाहिले. पुस्तकात लिहिलेलं खरं निघालं, तेव्हा त्यानं त्या पुस्तकावर भरवसा ठेवला. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही तो मार्सेटबाईंचं ऋण मानत राहिला.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं त्याला डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं प्रत्येक शब्द टिपून घेतला, चित्रं काढली, स्वतःच्या हातानं वही बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. पुढच्याच वर्षी तो तिथे मदतनीस म्हणून लागला. १८३१ साली त्यानं शोधून काढलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवलं की तारेत वीज तयार होते. वीजकेंद्रातली मोठी जनित्रं आजही याच तत्त्वावर चालतात. म्हणजे आपल्या मोटारीला येणाऱ्या विजेचा धागा त्या लोहाराच्या पोरापर्यंत जातो, आणि त्याच्यामागे एका बाईनं लिहिलेल्या गप्पांपर्यंत.

आता येऊ त्या नारळाकडे.

१८५३ साली इंग्लंडात एक वेड पसरलं होतं. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं, त्यावर हात ठेवायचे आणि वाट पाहायची. थोड्या वेळानं टेबल आपोआप सरकायचं, फिरायचं. कुणी म्हणे आत्मे येतात, कुणी म्हणे ही कुठली तरी नवी वीज आहे. लोक फॅरेडेला विचारू लागले. तो हसण्यावारी नेऊ शकला असता. पण त्यानं टेबल फिरवणाऱ्यांनाच बोलावलं. तेही कसे, तर प्रामाणिक म्हणून ज्यांच्यावर त्याचा विश्वास होता असे.

त्यानं टेबलावर पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये मऊ चिकट गोळ्या लावल्या आणि कडेला रेघ ओढली. माणसांनी वरच्या पुठ्ठ्यावर हात ठेवले. आता डोकं बघा. टेबल स्वतःहून सरकत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल आणि हात मागे राहतील. हात ढकलत असतील तर वरचा पुठ्ठा आधी पुढे जाईल. टेबल सरकल्यावर त्यानं रेघ तपासली. वरचा पुठ्ठा सगळ्यात पुढे होता, खालचे त्याच्यामागे. म्हणजे हात आधी हलले होते आणि टेबल त्यांच्यामागून.

मग त्यानं दुसरी युक्ती केली. हाताखाली दोन फळ्या, त्यांच्यामध्ये काचेच्या कांड्या, आणि त्याला गवताची एक लांब काडी जोडलेली. हात जरासा जरी आडवा ढकलला गेला तरी काडी कलायची. काडी झाकून ठेवली की टेबल फिरायचं. काडी डोळ्यांसमोर ठेवली की टेबल जागचं हलायचं नाही! कारण आपला हात ढकलतोय हे बसणाऱ्याला दिसायचं आणि तो हात आवरायचा.

मैत्रिणींनो, ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपण ढकलत नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं. मनात एखादी गोष्ट घडेल अशी आस असली की हाताचे स्नायू आपल्या नकळत तसे हलतात. कार्पेंटर नावाच्या डॉक्टरांनी वर्षभर आधीच त्याच संस्थेत या गोष्टीबद्दल सांगितलं होतं. फॅरेडेनं ती गवताच्या काडीनं दाखवून दिली. जूनमध्ये त्यानं वर्तमानपत्रात पत्र लिहून प्रयोग सगळ्यांसमोर मांडला आणि पुढच्या वर्षी व्याख्यान दिलं. सांगणं एवढंच होतं की स्वतःला फसवणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून मनासारखं उत्तर आलं की ते जास्त तपासावं.

तळहातावरचा नारळ, कडुनिंबाची बेचक्याची फांदी, हातातल्या वाकवलेल्या तारा यांचंही तेच. नारळ आडवा मोठ्या मुश्किलीनं तोल सांभाळून असतो. बोट केसभर हललं तरी तो कलतो. पाणाड्याच्या मनात 'इथे पाणी असणार' असं आलं की हात हलतो आणि त्यांना स्वतःलाच ते कळत नाही. जर्मनीतल्या कासेल शहरात १९९० साली अशा जाणत्यांची परीक्षा घेतली होती. जमिनीत पाईप पुरला, त्यातून पाणी कधी चालू, कधी बंद. चालू आहे की नाही एवढंच ओळखायचं. पाणी चालू आहे हे आधी माहीत असताना सगळ्यांच्या काड्या हलल्या. माहीत नसताना निकाल नाणेफेकीसारखाच आला.

मग कितीतरी वेळा पाणाड्यांचं खरं कसं निघतं? याला कारणं आहेत. एक म्हणजे बऱ्याच ठिकाणी खणलं तर थोडंफार पाणी लागतंच. दुसरं म्हणजे अनुभवी माणसाला जमिनीचा उतार, उंबराचं झाड, वारूळ, हिरवा पट्टा हे सगळं दिसत असतं. वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं यांवरून पाणी शोधण्यावर अख्खा अध्याय लिहिला आहे. ते निरीक्षण आहे. ते तपासता येतं, त्यातलं खरं ठेवता येतं. आणि तिसरं, लागलेली बोअर गावभर सांगितली जाते. कोरड्या बोअरवर दगड ठेवतात आणि गप्प बसतात. मीही गप्पच बसले होते.

आपल्याकडे बहुतेक जमीन काळ्या पाषाणाची. त्यात पाणी नदीसारखं वाहत नाही. ते झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. भूगर्भतज्ज्ञ जवळपासच्या विहिरींची पातळी पाहतात, उतार पाहतात, जमिनीत वीज सोडून खडक तिला किती अडवतो ते मोजतात. तेही शंभर टक्के खात्री देत नाहीत. पण का म्हणून इथे खणायचं, ते सांगतात. आणि त्यांना 'का?' विचारलं तर रागावत नाहीत.

गटातून बोअरसाठी कर्ज देताना आता आम्ही दोन गोष्टी करतो. शेजारच्या दहा बोअरची यादी करतो, लागलेल्या आणि कोरड्या दोन्हींची. आणि पाणाड्यांना बोलवायचंच असेल तर दोघांना वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न सांगता. पहिल्यानं दाखवलेली जागा कागदावर लिहितो, खूण पुसून टाकतो. दोघांच्या जागा जुळतात का बघतो. कुणाचा अपमान नाही, भांडण नाही. आमचीही एक गवताची काडीच आहे ती.

फॅरेडेनं १८२५ च्या सुमारास मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू करायला हातभार लावला. साध्या मेणबत्तीवर त्यानं मुलांशी सहा-सहा दिवस गप्पा मारल्या. ती परंपरा आजही चालू आहे. आपल्याकडे १९९१ साली आकाशवाणीनं माणसाच्या उत्क्रांतीवर मोठी मालिका अनेक भाषांतून ऐकवली. आणि आज हा आपला छोटा रेडिओ. जेन मार्सेट ऐकायला गेल्या, घरी येऊन मैत्रिणीशी बोलल्या, तेव्हा त्यांना उमगलं. तुम्हीही आज ऐकलंत. आता शेजारणीशी बोला. आणि माझं म्हणणंही तसंच धरून चालू नका. घरात नारळ असेल, तळहातावर आडवा ठेवा, डोळे मिटा, आणि 'उभा राहा' असं मनात म्हणा. काय होतं ते पुढच्या बैठकीत सांगा.