कुत्र्याच्या लघवीतून ड्रोनच्या काचेपर्यंत

ड्रोनच्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या सीपीएल फिल्टरचं, म्हणजे चकाकी कापणाऱ्या सर्क्युलर पोलरायझरचं, कूळ शोधत मागे गेलं, की आपण इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका कुत्र्यापाशी पोहोचतो. त्या कुत्र्याला क्विनीन दिलं होतं. डॉ. विल्यम बर्ड हेरापाथ यांच्या फेल्प्स नावाच्या शिष्याने कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं, तेव्हा हिरवे चमकदार स्फटिक तयार झाले. हेरापाथनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. एकावर एक पडलेले स्फटिक कुठे उजळ दिसत होते, तर आडवे आलेले ठार काळे. एका दिशेची प्रकाशकंपनं पार जात होती, दुसरीची अडत होती. हे १८५२ साली प्रसिद्ध झालं.

ड्रोनवरच्या बाकी सामानाचं मूळ सरळ आहे. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा ही जहाजांची रीत. ब्रिटिश आगबोटींना ती १८४८ मध्ये बंधनकारक झाली. एनडी फिल्टर म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच. २५ फ्रेमच्या चित्रणात भर उन्हातही शटर १/५० वर ठेवता यावं, एवढ्यासाठी ती लावतात. सीपीएलचा मामला मात्र गुंतागुंतीचा आहे.

त्याचा मूळपुरुष म्हणून बरेच जण विल्यम निकॉलच्या १८२८ च्या प्रिझमचं नाव घेतात. निकॉलचा मान मोठाच. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन 'नारकुंडा' बोटीने परतताना असाच प्रिझम डोळ्याला लावून समुद्र पाहत होते. पृष्ठभागावरची चकाकी कापली गेली आणि खालची खरी निळाई दिसली. ती केवळ आकाशाचं प्रतिबिंब नाही, असं सांगणारं त्यांचं टिपण मुंबई बंदरातून 'नेचर'कडे गेलं. मालवणच्या पाण्यावर सीपीएल लावून ड्रोन उडवणारा नेमकं हेच करत असतो. पण निकॉलचा प्रिझम म्हणजे कॅल्साइटचा जाड ठोकळा. त्यातून कागदासारखी पातळ फिल्म होणं शक्यच नव्हतं.

ती वाट हेरापाथच्या स्फटिकांनीच दाखवली. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस्टरच्या कॅलिडोस्कोपवरच्या पुस्तकात या स्फटिकांबद्दल वाचून अमेरिकी संशोधक एडविन लँडने १९२० च्या दशकाअखेर उलटा विचार केला: मोठा स्फटिक वाढवण्यापेक्षा अतिसूक्ष्म सुया करून त्या सगळ्या एका दिशेने लावायच्या. जर्मनीत बर्नाउअरने मोठे स्फटिक वाढवून दाखवले आणि त्यांचे फिल्टर झाइसने विकलेही. कारागिरी बर्नाउअरची सरस होती, पण वंश लँडचा वाढला.

इथे एक आक्षेप येतो. १९३८ पासूनच्या लँडच्या नव्या फिल्ममध्ये क्विनीन नाहीच. ताणलेल्या पॉलिव्हिनिल अल्कोहोलमध्ये आयोडीन मुरवलेलं असतं. मग कुत्र्याशी नातं उरलं कुठे? माझ्या मते आयोडीनमध्ये. हेरापाथच्या स्फटिकातही प्रकाश अडवणाऱ्या साखळ्या आयोडीनच्याच होत्या. क्विनीन त्यांना ओळीत धरून ठेवत होतं, ते काम आता ताणलेलं प्लास्टिक करतं. सांगाडा बदलला, रक्त तेच राहिलं.

सीपीएलमध्ये या फिल्मच्या मागे आणखी एक थर असतो, ध्रुवित प्रकाशाला गोल फिरवणारा. एसएलआर कॅमेऱ्यात उजेड मोजायला आणि ऑटोफोकसला अर्धपारदर्शक आरसे आले. साध्या पोलरायझरमुळे त्यांचा हिशेब चुकू लागला, म्हणून हा थर जोडला गेला. ड्रोनच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, मग तिथे हा थर कशाला? काही जण सेन्सरपुढच्या, प्रतिमा किंचित दुभंगणाऱ्या काचेचं कारण पुढे करतात. तत्त्वतः ते बरोबर आहे, पण हलत्या चित्रात तो फरक दिसण्याजोगा नाही. हा थर आरशाच्या काळातून तसाच चालत आला, असंच माझं ठाम मत आहे.

निवडताना आधी वजन बघावं. कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या नाजूक मोटरला जड काच सोसत नाही. शिवाय आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत नॅनो वर्ग २५० ग्रॅमपर्यंतच आहे. २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर मूळ काच न काढता वरून दोन ग्रॅमचा फिल्टर चढवला, की वर्ग बदलला. हवेत गेल्यावर फिल्टर फिरवता येत नाही, म्हणून जमिनीवरच जुळवावा. पाण्यासाठी एकदा नीट लावला की पुरतो, कारण गिंबल कॅमेरा आडवा सपाट ठेवतो. क्षितिजाखाली साधारण ३७ अंश झुकवला तर चकाकी सर्वांत जास्त कापली जाते. आकाशाचं तसं नाही. ड्रोन वळला की सूर्याशी होणारा कोन बदलतो आणि निळा रंग मध्येच फिका पडतो.

विकत घेतलेला फिल्टर खरंच सीपीएल आहे का, हे लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर तपासता येतं. त्या पडद्यातही हीच आयोडीनची फिल्म असते. फिल्टर पडद्यासमोर धरून फिरवावा, मग उलटा करून पुन्हा फिरवावा. एका बाजूने पडदा काळा होतो आणि दुसऱ्या बाजूने होत नाही, तर तो सीपीएल. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर साधा पोलरायझर, आणि ड्रोनला तोही चालतो.